चि. निनादला, डोंबिवलीहून

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "बरा आहे गं" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसले. तुझ्या रूमवरच्या मुलावर चिडू नकोस. रात्री दोनला तुला नेब्युलायझर लावायला नेलं, हे त्याने सांगितलं नसतं तर मला दिवाळीपर्यंत पत्ता लागला नसता. वर तो म्हणतो, खोलीला एकच खिडकी आणि तीही कॅनव्हास टेकवून बंद केलेली. उजेड एकाच बाजूने हवा म्हणे! अरे, माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. दम्याचा पेशंट रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनच्या वाफेत बसलेला दिसला तर सिस्टर उजेड कुठून येतोय ते बघत नाही, आधी खिडकी उघडते.

एवढंच सांगायचं होतं. आता तुझ्या कामाबद्दल.

पिठाच्या गिरणीचं चित्र फोनवर मोठं करकरून पाहिलं. मामाच्या गावची ना? पट्ट्याला बांधलेली चिंधी, बल्बवर चढलेली पिठाची पुटं, रांगेतल्या एका डब्यावर झाकणाऐवजी ताट. ते ताट आजीचंच, कडेच्या पोच्यावरून ओळखलं मी. भिशीत दाखवलं तर समोरच्या वहिनी म्हणतात, "फोटो छान आलाय." मी तिथल्या तिथे सांगितलं, फोटो नाही, हाताने रंगवलंय. फोटोत गिरणवाल्याची कंबर दुखतेय हे कळलं असतं का? तू त्याला एका पायावर भार टाकून असा उभा केलायस की बघणाऱ्याने स्टूल पुढे करावं. पण बघ, तुला रंगवायला सापडलं तेही धुळीचंच! तिथे बसून स्केचेस करत होतास तेव्हा तोंडाला रुमाल होता का?

म्हणशील, आली परत तिथेच. येणारच. तुझे आजोबा, अण्णा, कापडगिरणीत ब्लो रूम खात्यात होते. तिथे कापसाच्या गाठी फोडतात. अण्णांच्या भुवयांवर रुई घरी यायची, असं सासूबाई सांगायच्या. सुट्टी संपवून कामावर गेले की त्याच दिवशी छाती आवळायची, आठवडा पुढे सरकला की जरा सैल पडायची. 1982 च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, तेव्हा घरातले डबे रिकामे झाले आणि अण्णांची छाती तेवढी मोकळी झाली. सासूबाई हे हसून सांगायच्या. मला कधी हसू आलं नाही. मी लग्न होऊन करी रोडच्या खोलीत आले तोवर त्यांच्या श्वासाच्या शिट्टीत झोपायची सगळ्यांना सवय झालेली होती. तशीच शिट्टी पुढे तुझ्या छातीत ऐकली. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही. मलाही ते कळतं. कानाला कोण समजावणार?

तू मला मुंबईच्या एनजीएमएला, त्या आधुनिक चित्रांच्या संग्रहालयात, चित्रकार सुधीर पटवर्धनांचं प्रदर्शन दाखवायला नेलंस, ते जिने चढताना माझे गुडघे बोलायला लागले, तरी वरपर्यंत आले. तू रंगांचं सांगत होतास आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: हा माणूस 2005 पर्यंत ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होता. दिवसभर माणसांच्या छातीच्या फिल्म बघायच्या, आणि तीच माणसं लोकलमध्ये बसलेली, इराण्याकडे टेकलेली रंगवायची. काय जड माणसं असतात त्यांची! पेशंटला कुशीवर वळवताना हाताला जे वजन लागतं, ते त्या खांद्यांत दिसलं मला. 'लोअर परळ' हे 2001 चं चित्र तू पुस्तकात दाखवलंस, त्या रात्री बाबा चष्मा लावून अण्णांची गिरणी शोधत बसले होते. सापडली की नाही, ते काही बोलले नाहीत.

आणि एक बघ, नोकरी सोडून नव्हतं रंगवलं त्यांनी. चित्रकार गीव पटेलही डॉक्टरच. तुझ्या बडोद्यातले भूपेन खख्खर कारखान्याचे हिशेब लिहायचे आणि 1972 मध्ये घड्याळ दुरुस्तीचं दुकान रंगवायचे. 1981 च्या 'प्लेस फॉर पीपल' प्रदर्शनात पटवर्धन आणि खख्खर एकत्र होते, हे तूच सांगितलंस ना? मग त्यांचं सगळं घेतोस, पगार तेवढा का घेत नाहीस? शाळेतली ड्रॉइंगची जागा चांगली चालून आली होती. पगार असता तर दोन खिडक्यांची खोली परवडली असती.

सुरू झालं माझं लेक्चर. माफ कर. बाबांनी बजावलं होतं, पत्रात नोकरीचा विषय नको. तेच चोरून तुझी गिरणी बघत असतात माझ्या फोनवर.

ॲक्रिलिकला पाणी पुरतं, म्हणून ते वापर म्हटलं तर तू म्हणतोस फार लवकर सुकतं, कडा विरघळवता येत नाहीत. बरं. मग निदान टर्पेंटाइन न घालता जवसाच्या तेलात काम कर. ब्रश आधी तेलाने पुसायचे, मग साबणाने धुवायचे. ही अक्कल माझी नाही. मंगलची भाची जेजे आर्ट स्कूलला आहे, तिला विचारलं. आणि बिनवासाचं टर्पेंटाइन आणून मला गप्प करू नकोस. वास नसला तरी वाफ असतेच.

कॅनव्हास खिडकीवरून काढलास की फोटो पाठव. खिडकीचा, चित्राचा नाही. चित्राचाही पाठव. दम्याच्या पंपावरचा उरलेल्या डोसचा आकडा दिसेल असाही एक.

तुझी,
आई

ता. क. तेलाच्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकतोस, ते बंद कर. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेटतो म्हणे. पाण्याच्या डब्यात टाकत जा. डबा झाकणाचा घे, पैसे पाठवलेत.