चार प्राध्यापकांचं ते पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानवी हक्क दिनाची आपली पुरवणी वाचली. वकील, न्यायाधीश, चळवळीतले कार्यकर्ते सगळे त्यात भेटले. कायदा शिकवणारे मात्र कुठेच दिसले नाहीत. मी फौजदारी वकिली करते आणि ज्यांचं देणं मला कोर्टात वारंवार जाणवतं, ती हीच माणसं. म्हणून हे पत्र, त्यांच्यातल्या चौघांनी १९७९ मध्ये केलेल्या एका कामाबद्दल.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. मुलीचं वय चौदा ते सोळा. त्याआधी भावाने दिलेल्या एका वेगळ्या तक्रारीत तिचा जबाब झाला, बाकीच्यांना जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. घरची माणसं ठाण्याबाहेरच उभी होती. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता.

निकाल छापून आला आणि विस्मरणात गेला असता. पण बरोबर एक वर्ष आणि एका दिवसाने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, दिल्ली आणि पुणे विद्यापीठांतल्या कायद्याच्या चार अध्यापकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर उघडपणे इतकं परखड बोलणं तेव्हा सोपं नव्हतं. यातल्या एकाचाही त्या खटल्याशी संबंध नव्हता. निकाल वाचणं आणि शिकवणं एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत नेलं.

त्या पत्राचा गाभा एवढाच: शरण जाणं वेगळं आणि संमती देणं वेगळं. संमतीत शरण जाणं येतं, पण शरण गेली म्हणून संमती दिली असं होत नाही. पोलीस ठाण्यात दोन पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या कोवळ्या मुलीने यशस्वीपणे आरडाओरडा करावा अशी न्यायालयाची अपेक्षा आहे का, असं त्यांनी थेट विचारलं. हा भाग मी आजही दर वेळी थांबून वाचते.

निकाल बदलला नाही, त्या मुलीला न्याय मिळाला नाही. हे विसरून या पत्राचं कौतुक करता येणार नाही. पण ८ मार्च १९८० ला बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवर बलात्काराचा खटला असेल, शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि ती कोर्टात ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं तेही तेव्हाच. पुढे २०१३ मध्ये कायद्यातच आलं की केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती दिली असं मानता येणार नाही. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. प्राध्यापकांनी मांडलेला फरक कायद्याच्या पुस्तकात उतरायला ३४ वर्षं लागली.

आणि तरीही उलटतपासणीत ‘ओरडलीस का नाही?’ हा प्रश्न मी अजून ऐकते. साक्षीच्या पिंजऱ्यातली मुलगी कठड्याची कड घट्ट धरते आणि गप्प होते. अशा वेळी मी हरकत घ्यायला उभी राहते तेव्हा माझ्या हातात जे कलम असतं, ते त्या चौघांच्या पत्रापासून सुरू झालेलं असतं.

 

समता आणि मानवी हक्कांचा कायदा शिकवणारे आजही तळमळीने काम करतात, हे मला माहीत आहे. पण त्यांचं लिखाण बहुतेक इंग्रजी नियतकालिकांत राहतं. सर्वोच्च न्यायालयाचे कित्येक निकाल आता मराठीत भाषांतरित होऊन मिळतात, त्यांची चिकित्सा मात्र मराठीत अपवादानेच मिळते. ज्या बाईच्या आयुष्याचा निकाल लागला, तिच्या गावात तो वाचला जाईल आणि त्यातली चूक कुठे आहे ते कोणी सांगणार नाही. प्राध्यापकांना दोष देऊन भागणार नाही. बढतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात. असं खुलं पत्र कोणत्या रकान्यात लिहायचं?

आपल्याकडे जागेची टंचाई असते, तरी एक मागते. महिन्यातून एकदा अर्धं पान कायद्याच्या अध्यापकांना द्या. त्यांनी समतेशी निगडित एक निकाल घ्यावा, त्यात काय म्हटलंय ते साध्या मराठीत सांगावं आणि तो कुठे चुकला असं वाटत असेल तर आपल्या नावानिशी लिहावं. पहिल्या लेखासाठी १९७९ च्या त्या पत्राचा मराठी अनुवाद छापता आला, तर तो करून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक वकील वाचक