लेकरांची खरी जन्मतारीख टाका, हात जोडून सांगतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

केज तालुक्यात बाजाराच्या गावात माझं मोबाइल रिपेअरिंग आणि रिचार्जचं दुकान आहे. पेपरला पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सध्या जिकडं तिकडं एकच विषय चाललाय, लेकरांच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा का. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्या पोरांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायलाच बंदी केली तसं आपल्याकडं करा म्हणतेत लोक. सरकारला काय करायचं ते सरकार करंल. मला त्याहून कितीतरी जवळचं सांगायचंय आणि ते मलाच सांगावं लागंल कारण ते माझ्या काउंटरवर घडलंय.

आपल्या जुन्या माणसांचे आधार कार्ड काढून बघा, कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता यायची नाही मग गुरुजी १ जून लिहून टाकायचे. आताच्या लेकरांची मोबाइलमधली तारीख १ जानेवारी २००० आहे आणि ती टाकणारे आम्ही दुकानदार. २०२० ला शाळा बंद पडल्या, ऑनलाइन वर्ग सुरू झाले, दुकानासमोर रांग लागायची, दादा पोराला ईमेल काढून द्या. खरी तारीख टाकली की गूगल म्हणायचं हे लेकरू १३ च्या आतलं आहे, पालकाचं अकाउंट जोडा. पालकाकडं कुठं अकाउंट, साधा डबडा फोन. मागं पंधरा माणसं उभी. मग मी आपलं १-१-२००० टाकायचो आणि पुढचं गिऱ्हाईक घ्यायचो. किती लेकरांना मी असं एका मिनिटात मोठं माणूस करून टाकलं ते मोजलं नाही.

माझी मुलगी आता नववीत आहे. मागच्या वर्षी एका अ‍ॅपवर तिच्याशी एक जण मुलगी बनून बोलायला लागला, आधी अभ्यासाचं, मग मैत्रीचं, मग फोटो मागितला आणि तो पाठवल्यावर अजून पाठव नाहीतर हाच सगळ्यांना दाखवतो म्हणून धमक्या. तीन आठवडे लेकरू घरात आमच्यासमोर वावरत होतं, भाकरी अर्धी टाकून उठायचं, आणि आम्ही दोघं म्हणायलो परीक्षेचं टेन्शन असंल. शेवटी ती तिच्या मावशीला बोलली. मी तिचं अकाउंट उघडून सेटिंगमध्ये गेलो तर जन्मतारीख १ जानेवारी २०००. म्हणलं ही कुणी टाकली. ती रडत रडत म्हणली, "पप्पा, तुम्हीच तर सगळ्यांना तीच टाकून देता." त्या रात्री मला झोप आली नाही.

ही तारीख एवढी महत्त्वाची का, ते बऱ्याच पालकांना ठाऊक नाही, मलाही नव्हतं. इन्स्टाग्रामचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ पासून त्यांनी भारतात १८ च्या आतल्यांसाठी टीन अकाउंट आणलंय. ते आपोआप प्रायव्हेट असतं, ज्यांच्याशी ओळखच जोडलेली नाही असल्या माणसाला मेसेज टाकता येत नाही, दिवसात एक तास झाला की अ‍ॅप बंद कर म्हणून आठवण करून देतं, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद. १६ च्या आतल्या पोराला हे ढिलं करायचं तर पालकाची परवानगी लागते. आणि पालकानं अकाउंट जोडून घेतलं तर मागच्या सात दिवसांत लेकरू कुणाकुणाशी बोललं एवढं दिसतं, काय बोललं ते दिसत नाही, आणि ते मला बरोबरच वाटतं. पण हे सगळं त्या एका तारखेवर टांगलेलं आहे. तारीख २००० ची असली की अ‍ॅपच्या लेखी तुमची नववीतली पोरगी पंचविशीची बाई.

प्रथम संस्थेचा शिक्षणाचा असर २०२४ हा अहवाल आला होता, देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या लेकरांचा. त्यातल्या ८२ टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येतो, आणि ज्यांना येतो त्यातल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया बघितला, अभ्यासासाठी वापरला ५७ टक्क्यांनी. सोशल मीडिया बघणाऱ्यांपैकी प्रोफाइल प्रायव्हेट कसं करायचं हे मात्र जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक. म्हणजे सोशल मीडिया बघणाऱ्या शंभरातल्या ४५ लेकरांना दार लावताच येत नाही. खरी तारीख असती तर इन्स्टाचं तरी दार त्यांना न सांगता लागलं असतं.

मुलगी आधी आईला का बोलली नाही, ते पण लिहितो. आपल्याकडं पोरीच्या मोबाइलचं काही बाहेर आलं की आधी मोबाइल जातो, मग शाळा जाते, मग सोयरीक बघायला सुरुवात होते. तिच्या वर्गातल्या एकीचं तसं झालेलं तिनं बघितलं होतं. धमकी देणाऱ्या माणसाइतकीच ती आम्हाला घाबरली होती, आणि बाप म्हणून हे लिहिताना मला फार जड जातंय. मी तिला शब्द दिला की मोबाइल घेणार नाही आणि शाळेचा तर प्रश्नच नाही. मग आम्ही दोघांनी बसून सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तिथं बायका आणि लेकरांसाठी वेगळा भाग आहे, नाव न सांगता पण तक्रार होते. लेकराला बोलायचं असंल तर १०९८ नंबर आहे. स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, रागात चॅट डिलीट करू नका. आणि तारीख तिनंच स्वतःच्या हातानं दुरुस्त केली, मी नुसता शेजारी बसलो.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही मोबाइल बंद, लेकरं अभ्यासाला बसतेत. चांगलंच आहे. पण आमच्या भागात दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला निघतेत, कुणी कोल्हापूरकडं कुणी कर्नाटकात, आणि लेकरू आजीजवळ. पालकांनी लक्ष द्यावं, पालकांनी लक्ष द्यावं असं सगळे लिहितेत, तर इथं पालक म्हणजे ती आजी, जिला नंबर सुद्धा ओळखू येत नाही. आणि त्या घरात मोबाइल हा एकच धागा आहे आईशी बोलायचा, तो बंद कसा करणार.

यंदा हंगामाला निघायच्या आदल्या दिवशी एक ताई उचलीच्या, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ मिळालेल्या पैशातून पोरासाठी जुना मोबाइल घ्यायला आली. पोरगं बारा वर्षांचं, आईच्या पदराजवळ उभं. मी नेहमीसारखं वर्ष २००० पर्यंत सरकवलं आणि हात थांबला. म्हणलं ताई, खरी तारीख सांगा. तिला आठवंना, पोरानंच सांगितली, शाळेत पाठ केलेली. मग तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर गूगलचं फॅमिली लिंक नावाचं अ‍ॅप टाकलं, ते फुकट आहे. नवीन अ‍ॅप आईबापाला विचारल्याशिवाय पडत नाही, रात्री ९ ला मोबाइल लॉक होतो, आणि लॉक झाल्यावर सुद्धा आलेला फोन उचलता येतो, ते मी दोनदा लावून दाखवलं. वीस मिनिटं गेली, दोन गिऱ्हाइकं परत गेली, जाऊ द्या.

माझी विनंती माझ्याच धंद्यातल्या भावांना आहे. नवा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला निघाले, १८ च्या आतल्या लेकराची माहिती घ्यायला आईबापाची पक्की संमती लागणार आहे, कंपन्यांना त्यासाठी दीड वर्षाची मुदत दिलीय. पण आपल्याकडं संमती म्हणजे काय होणार ते मला आजच दिसतंय, आपण म्हणणार "मावशी, ओटीपी सांगा" आणि मावशी सांगणार. तर तसं करू नका. तोंडानं वाचून दाखवा हे कशाची परवानगी मागतंय. आणि मुख्याध्यापकांना विनंती, हंगामाच्या आधी एक दिवस आम्हाला शाळेत बोलवा, लेकरांच्या खऱ्या तारखा तुमच्या रजिस्टरला आहेत, सेटिंग आम्ही करून देतो, एक रुपया घेणार नाही.

त्या ताईचा परवा उसाच्या फडावरून फोन आला, मागं ट्रॅक्टरचा आवाज. म्हणली दादा, पोराचा मोबाइल रात्री ९ ला बंद पडायलाय, बिघडला का बघा. म्हणलं बिघडला नाही ताई, तुम्हीच लावून गेलात ते. फोन तर लागतोय ना त्याला? म्हणली हो, आत्ताच बोलले, जेवला म्हणला.

आपला वाचक,
एक मोबाइल दुकानदार, ता. केज, जि. बीड