न दिलेली बिलेही तुटीत धरा

महोदय,

राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या अंकातले तुटीचे आकडे मी पेन्सिल घेऊन वाचते. एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत 31 वर्षे काढली, ती सवय अजून सुटलेली नाही. मार्च 2025 मध्ये अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात 2025-26 साठी महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला उत्पन्न कमी पडते ती रक्कम, 45,891 कोटी आणि राजकोषीय तूट, म्हणजे एकूण खर्चासाठी कर्ज काढावे लागते ती रक्कम, 1,36,235 कोटी रुपये दाखवली होती. राजकोषीय तूट सकल राज्य उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत, म्हणजे मर्यादेत. मला खटकतात ते या आकड्यांत कुठेच नसलेले पैसे.

सरकारचा हिशेब रोखीचा. काम झाले, एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, नोंद झाली, बिल आले. पण कोषागारातून पैसे निघाले नाहीत तर तो खर्च त्या वर्षात धरलाच जात नाही. 31 मार्चच्या रात्री अशी बिले मी स्वतः परत केली आहेत. वरून तोंडी निरोप यायचा, ‘अनुदान संपले, एप्रिलमध्ये बघू.’ अनुदान म्हणजे खात्याला त्या वर्षाच्या खर्चासाठी मंजूर झालेली रक्कम. मग त्रुटी काढायची. शिक्का पुसट आहे, प्रमाणपत्र जोडलेले नाही. दुपारपासून बाकावर बसलेला माणूस कागद गोळा करून निघून जायचा. त्याचे तोंड बघवत नसे. कागदावरची तूट मात्र तेवढी कमी झालेली असायची.

आज त्या बाकावर माझा भाचा आहे. शाळांची गळकी छपरे, स्वच्छतागृहे अशी लहान कामे तो घेतो. त्याचे 14 लाख रुपये एका खात्याकडे दोन वर्षांपासून अडकले आहेत. मजुरांची मजुरी त्याने बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भागवली, आणि त्या सोन्यावरचे व्याज दरमहा भरतो आहे. कर्ज सरकारच्या कामासाठी, नाव भाच्याचे.

पैसे कमी पडतात तर ‘लाडकी बहीण’ बंद करा, असे पुष्कळजण म्हणतात. मी म्हणणार नाही. आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या ताईंचे 1500 रुपये मुलीच्या क्लासच्या फीला जातात. पण 2024 च्या निवडणुकीत 2100 रुपये देऊ म्हणणाऱ्यांनी ते कुठून आणणार, हेही तेव्हाच सांगायला हवे होते. कर वाढवला तर मते जातात, योजना आखडली तरी जातात. बिल अडवले तर कुणाचे काही जात नाही, म्हणून तेच अडते.

तुटीवर लगाम ठेवणारा राज्याचा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा 2005 चा आहे. त्यात एक कलम घाला: 31 मार्चला कोणत्या खात्याचे किती देणे बाकी आहे, किती महिन्यांपासून, याची यादी अर्थसंकल्पासोबत विधिमंडळापुढे ठेवायची. माहिती नाही, असे कुणी सांगू नये. बिलांची नोंदवही प्रत्येक कार्यालयात असते, मी ती वर्षानुवर्षे भरली आहे. बेरीज करायला एक दुपार पुरते.

– एक निवृत्त लेखा लिपिक, भांडुप, मुंबई