दोन कोर की चार, दुकानदाराने कामाचं विचारावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कुडाळजवळ लग्नाचे नि दशावतारी नाटकांचे व्हिडिओ एडिट करतो. आमच्याकडे कॉम्प्युटर घेताना दुकानात एकच सांगतात, चार कोरवाला घ्या, दुप्पट फास्ट. (कोर म्हणजे प्रोसेसरमधला, कॉम्प्युटरच्या मेंदूतला, प्रत्यक्ष काम करणारा एकेक भाग.) माझ्या भाच्यालाही असंच सांगून दिला, आणि त्याचं काम काय तर ग्रामपंचायतीचे दाखले टाईप करणं न् इंटरनेट! त्यात त्याला काडीचा फरक पडला नाही, उलट पैसे गेले.

माझं मात्र उलट झालं. रात्रभर चाललेल्या नाटकाचं रेंडरिंग, म्हणजे एडिट केलेल्याची शेवटची व्हिडिओ फाईल बनवणं, जुन्या ड्युअल (दोन) कोरवर सकाळपर्यंत संपत नसे आणि पावसाळ्यात मधेच लाईट गेली की परत पहिल्यापासून, डोक्याला हात. क्वाड (चार) कोरवर तेच काम जवळपास अर्ध्या वेळात होतं, कारण रेंडरिंगचे तुकडे पाडून चारही कोरना वाटता येतात. पण सगळी कामं अशी वाटता येत नाहीत. 1967 मध्ये जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन कॉम्प्युटर तज्ज्ञाने हेच मांडलं होतं, काम निम्मंच वाटता येत असेल तर दोन कोरवर वेग 1.33 पट होतो नि चारवर फक्त 1.6 पट.

शिवाय रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) कमी असेल तर चारही कोर नुसते हार्ड डिस्कची वाट बघत बसतात. आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत पंख्यात धूळ चिकटून बसते, तापलं की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, हे तर कोणी सांगतच नाही.

विक्रेत्यांनी आधी गिऱ्हाईकाला काम विचारावं, एवढीच विनंती.

– एक वाचक, कुडाळ