स्प्लिट ते दुब्रोव्हनिक: केबिन, पायऱ्या आणि वारा

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेली तिन्ही माहितीपत्रकं वाचली. त्यातलं क्रोएशियाचं छोटं जहाज घ्या: तीस-पस्तीस प्रवासी, सात रात्री, स्प्लिटला चढायचं आणि दुब्रोव्हनिकला उतरायचं. मोठ्या जहाजावर लिफ्ट आणि डॉक्टर असतो हे मान्य. पण बेटांपाशी ते दूर नांगर टाकतं, सगळ्यांना होडीतून किनाऱ्यावर नेतं आणि संध्याकाळी निघून जातं. छोटं जहाज गावाच्या धक्क्याला लागतं आणि रात्री तिथेच राहतं. दिवसाची गर्दी ओसरली की गाव तुमचंच. फक्त या जहाजांवर लिफ्ट नसते आणि जिने उभे असतात. त्यामुळे बाबांचे गुडघे डोळ्यांपुढे ठेवूनच पुढचं लिहिते आहे.

पहिली गोष्ट केबिन. खालच्या डेकची केबिन स्वस्त असते, ती नको. तिची गोल खिडकी उघडत नाही, दर वेळी जिना चढावा लागतो आणि इंजिनाची घरघर तिथेच सगळ्यात जास्त. मेन डेकवर, म्हणजे जेवणघराच्याच मजल्यावर, मधली केबिन मागा. पुढच्या टोकाला लाटेचा हेलकावा जास्त, मागे इंजिन. जनरेटर कुठे आहे आणि तो रात्रभर चालतो का, हेही विचारा. पलंग एकच मोठा आहे की दोन वेगळे ते आधी ठरवून घ्या, तिथे गेल्यावर बदलता येत नाहीत. बाथरूमच्या दाराला उंच उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री उठताना बाबा त्यालाच अडखळणार, तेव्हा छोटा टॉर्च उशाशी हवा.

आता जे कुठल्याच फोटोत दिसत नाही ते. धक्क्यावर जागा कमी असल्यामुळे जहाजं एकमेकांना चिकटून, तीन-तीन, चार-चार उभी राहतात. तुमचं सर्वांत बाहेर असेल तर गावात जाण्यासाठी आधीच्या प्रत्येक जहाजाचा डेक ओलांडावा लागतो. दोन कठड्यांमध्ये हातभर फट असते, ती मिटते आणि पुन्हा उघडते. मधले रबरी फुगे दबून करकरतात. अशा वेळी दोन्ही हात मोकळे हवेत. पर्स आणि फोन आधी खलाशाच्या हातात द्या, मग त्याचं मनगट धरा, नुसती बोटं नकोत. फट मिटत आली की एकच पाऊल टाका. अर्धवट पाय पुढे करून थांबायचं नाही, आणि दोन जहाजांच्या मध्ये हात तर कधीच घालायचा नाही. परत येताना जहाज सोडलं त्याच जागी असेलच असं नाही, रांगेतली अदलाबदल चालू असते. म्हणून उतरतानाच जहाजाच्या नावाचा फोटो काढा आणि परतीची वेळ विचारून ठेवा.

महिना सप्टेंबरचा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवणार नाहीत. गणपती झाल्यावर निघा. पितृपक्ष आहे म्हणून आई कुरकुर करेल, पण तेव्हा उकाडा उतरलेला असतो आणि पाणी पोहण्याइतकं कोमट असतं. तोटा एकच, वारा. तिथे तीन वाऱ्यांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. माएस्त्राल म्हणजे उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा वारा, आपला खारा वाराच. बुरा ईशान्येचा, डोंगरावरून झपकन कोसळणारा, कोरडा आणि थंड. युगो आग्नेयेचा, दमट. तो दोन-तीन दिवस टिकतो आणि मोठ्या लाटा उठवतो. युगो सुटला की कप्तान एखादं बेट गाळतो किंवा क्रम उलटा करतो. पत्रकातला कार्यक्रम म्हणजे नुसता इरादा समजा. बदल झाला म्हणून बाबांनी हुज्जत घालायची नाही, आडोशाचं बंदर शोधणं हेच कप्तानाचं काम.

बोट लागण्यावर आपल्याकडे सर्रास अव्होमिन घेतात, पण तिने गुंगी येते. बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जहाज हलायला लागलं की आडवं पडण्यापेक्षा डेकवर मधोमध बसून क्षितिजाकडे बघा, आणि पोट रिकामं ठेवू नका. जहाजावर डॉक्टर नसतो. म्हणून बीपीच्या गोळ्या दोन वेगळ्या बॅगांत ठेवा आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. ब्रँडची नावं तिथल्या दुकानदाराला कळत नाहीत.

कागदपत्रं. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. व्हिसाचा अर्ज जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो. माझ्याकडे म्युनिकला तीन आठवडे आणि जहाजावर सात रात्री, म्हणजे तुमचा अर्ज जर्मनीकडे. तिसऱ्या पत्रकात मॉन्टेनेग्रोचं कोटोर आहे. ते शेंगेनबाहेर असल्यामुळे परत आत यायला एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. ते जहाज घेणार नसलात तरी अर्जात तसाच मागा. विमा किमान ३०,००० युरोंचा बंधनकारक आहे, पण आधीपासूनचा बीपी त्यात धरला आहे का, ते बारीक अक्षरांत वाचा. स्प्लिटला आदल्या दिवशीच पोहोचा. बॅग मागे राहिली तर ती दुसऱ्या दिवशी येते, जहाज मात्र कुणासाठी थांबत नाही.

सामानात चिवडा, मेतकूट, थेपले चालतील. पेढे, तूप, पनीर नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. सूटकेसऐवजी मऊ बॅग घ्या, ती पलंगाखाली जाते. आईच्या कोल्हापुरी चपला घरीच राहू देत. या गावांतली फरशी चुनखडीची आहे, शतकानुशतकं पावलांनी घासून आरशासारखी झालेली, आणि सर झाली की तिच्यावर चामड्याचा तळ सटकतो. रबरी तळाचे बंद बूट आणि पाण्यात घालायचे वेगळे बूट आणा. रोज दुपारी जहाज एखाद्या खाडीत पोहायला थांबतं आणि तळाच्या दगडांवर काळे काटेरी सी-अर्चिन असतात. त्यांचा काटा पायात मोडला की निघता निघत नाही.

जेवण बहुधा अर्धं असतं: नाश्ता आणि दुपारचं जहाजावर, रात्रीचं गावात आपापलं. पाण्याच्या बाटलीचंही बिल शेवटी येतं आणि बंदराचा कर वेगळा, तेव्हा थोडे सुटे युरो जवळ ठेवा. आई शाकाहारी आहे हे बुकिंग करतानाच लिहून द्या आणि तिथे पुन्हा सांगा: ‘बेझ मेसा, बेझ रीबे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत. भाजीच्या सूपचं पाणी मांसाचं नाही ना, हे वेगळं विचारावं लागतं. ब्लिटवा तिला आवडेल. पालकाच्या जातीची पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल, बस्स. स्प्लिटला कुठे सोपार्निक मिळाला तर सोडू नका, तीच पालेभाजी भरलेली पातळ, मोठी पोळी असते. बाबांना मासे भरपूर. पाश्तित्साडा मात्र गोमांसाचं असतं, नाव लक्षात ठेवा.

आता गावं. स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनचा राजवाडा हे संग्रहालय नाही, जुनं शहरच आहे. इ. स. ३०५ मध्ये तो गादी सोडून इथे राहायला आला. आज त्याच भिंतींच्या आत दुकानं आहेत आणि वरच्या मजल्यांवर वाळत घातलेले कपडे. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या या राजाच्या थडग्याचंच पुढे कॅथीड्रल झालं. आधी तळघरं बघा. वरच्या दालनांचा आराखडा तिथे जसाच्या तसा उमटलेला आहे.

ह्वार बेटावरचा किल्ला चढू नका, चौकात कॉफी घ्या. व्हिस बेट १९८९ पर्यंत लष्करी तळ म्हणून परदेशी माणसांना बंद होतं, म्हणून अजून शांत आहे. तिथून शेजारच्या बिशेवो बेटावरच्या निळ्या गुहेची सहल असते. छोट्या होडीत बसून, तोंडाशी पार वाकून आत जायचं आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर. पाण्याखालच्या भोकातून आलेला उजेड खालच्या पांढऱ्या दगडावरून परततो, त्यामुळे सगळं निळं दिसतं. दुपारी अकरा-बाराला सर्वांत छान. पण रांग लांब असते आणि लाटा असल्या की गुहा बंद. बाबांनी कंबर बघून ठरवावं.

कोर्चुला गावाची आखणी मला सगळ्यात हुशार वाटते. मधल्या एका रस्त्याला माशाच्या काट्यासारख्या गल्ल्या फुटतात. पश्चिमेच्या सरळ, म्हणजे माएस्त्राल आत यावा, पूर्वेच्या वळलेल्या, म्हणजे बुरा अडावा. मार्को पोलोचा जन्म इथला, असं गावकरी छातीठोक सांगतात. पुरावा मागू नका.

म्ल्येत बेटावर पोमेना गावाहून खाऱ्या सरोवरापर्यंत चालत पाव तास. तिथल्या बेटावरच्या बाराव्या शतकातल्या मठाकडे जाणारी होडी राष्ट्रीय उद्यानाच्या तिकिटातच येते. पायवाटेवर मुंगूस आडवं गेलं तर दचकू नका. १९१० मध्ये विषारी साप संपवण्यासाठी इथे भारतीय मुंगसं सोडली होती. साप कमी झाले, मग मुंगसांनी पक्ष्यांकडे आणि कोंबड्यांकडे मोर्चा वळवला.

दुब्रोव्हनिकला जहाज ग्रूझ बंदरात लागतं, तिथून शहर बसने जुन्या शहराच्या पिले दरवाजापाशी या. पास घेतला की शहराची तटबंदीची भिंत, संग्रहालयं आणि बस एकत्र होतं. भिंत १,९४० मीटरची, चालायची दिशा एकच. पिलेहून सकाळी उघडताक्षणी चढा, समुद्राची बाजू संपवून जुन्या बंदरावरून प्लोचे दरवाजाला उतरा. पुढचा मिंचेता बुरुजाचा चढ सोडून द्या. बाहेरून आलेल्यांना ३० दिवस वेगळं ठेवायचा कायदा या शहराने १३७७ मध्ये केला होता. पुढे त्याचे ४० दिवस झाले, तेच आपलं क्वारंटाईन. इथला रक्षणकर्ता संत ब्लेझ. त्याच्याच नावाचं चर्च जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला आहे, बाबांनी पुढच्या खेपेला बघावं.

पासपोर्टांचे फोटो या आठवड्यात पाठवा. पैसे भरण्याआधी बुकिंगच्या कागदावर केबिनचा नंबर आहे का बघा. नुसतं ‘मेन डेक’ लिहिलं असेल तर भरू नका, मला फोन करा. मी त्यांच्याकडून डेकचा नकाशा मागवते.

तुमची लेक