विषय: काडतुसं भरायच्या प्रेसमधल्या शेल प्लेटचं इंडेक्सिंग, सातवी तक्रार, या वेळी मराठीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

नमस्कार-चमत्कार आधीच्या सहा इंग्रजी पत्रांत घालून झाले आहेत, ते या वेळी वगळतो.

काल दुपारी तुमच्या प्रतिनिधीबरोबर ४७ मिनिटांचा फोन झाला. त्यातली ३१ मिनिटं मी तुमची गिटार ऐकली. उरलेल्या १६ मिनिटांत त्याने मला जे विचारलं, ते पुढे लिहितोच. त्याचाच परिणाम म्हणून हे पत्र मराठीत आहे. माझं इंग्रजी तुमच्याकडे कळत नाही असं एकदा ठरलंच आहे, तर मी तरी कशाला जीव आटवू? भाषांतर तुमचं तुम्ही करून घ्या.

मशीन तुमचंच आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देत नाही. वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा प्रायमर, दारू आणि बुलेट भरून काडतुसं बनवायचा, चार स्टेशनचा स्वस्तातला प्रोग्रेसिव्ह प्रेस (हँडलच्या एका फेऱ्यात चारही स्टेशनांवर एकदम काम करणारा), ९ मिमीच्या पिस्तुलासाठी, मार्चमध्ये २८९ डॉलरला घेतला. खोक्यावर 'तासाला ४०० काडतुसं' असं छापलंय. माझा उच्चांक ६२ आहे, आणि त्यातली ९ मी नंतर बुलेट काढायच्या हातोडीने ठोकून उकलली.

दोष एकच आहे आणि तो इंडेक्सिंगचा आहे. हे वाक्य पत्रात पुन्हा येईल, कारण आधीच्या सहा पत्रांत ते वाचलं गेलेलं नाही. हँडलचा एक फेरा पुरा झाला की शेल प्लेटने, म्हणजे पुंगळ्या धरून एका स्टेशनवरून पुढच्यावर नेणाऱ्या चकतीने, बरोबर ९० अंश फिरून खटक्यात बसायला हवं, यालाच इंडेक्सिंग म्हणतात. तुमची प्लेट एक तर अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबते, नाही तर शेवटी स्प्रिंगच्या जोराने अशी दणकन बसते की दारू भरलेल्या पुंगळीतून दाणे बाहेर उडतात. अलीकडे थांबली तर पुंगळीचं तोंड तिला दाबून मापात आणणाऱ्या साइझिंग डायच्या कडेवर आपटतं आणि दुमडतं. दणकन बसली तर उडालेले दाणे प्लेटखाली जातात, तिथून प्रायमरच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडात बसणाऱ्या ठिणगीच्या टोपीच्या, सरकपट्टीत. सरकपट्टी अडकली की पुढच्या पुंगळीला प्रायमर मिळत नाही. प्रायमर नाही म्हणजे बुडाला भोक उघडं. पुढच्या स्टेशनवर त्या पुंगळीत पडणारी दारू त्याच भोकातून गळून परत सरकपट्टीत. मग आणखी अडकणं, आणखी गळणं. दहा मिनिटांत सगळं उघडून ब्रश आणि दाबलेल्या हवेचा डबा घेऊन बसावं लागतं.

ही साखळी मी पहिल्याच ईमेलमध्ये चित्र काढून पाठवली होती, बाण वगैरे दाखवून. उत्तरादाखल तुम्ही प्रायमरचा ट्रे पाठवलात. दुसऱ्या ईमेलला प्रायमरचा ट्रे. तिसऱ्या ईमेलला प्रायमरचा ट्रे आणि तुमच्या कंपनीचं स्टिकर. माणसाला मलेरिया झालाय आणि तुम्ही घाम पुसायला रुमाल पाठवताय, तोही तीन वेळा. स्टिकर मुलीने कचऱ्याच्या डब्याला लावलंय, बरोबर जागी आहे.

तुमच्या यादीतले सगळे प्रश्न मला आता पाठ झालेत, म्हणून उत्तरं इथेच देऊन ठेवतो. पुंगळ्या एकाच कंपनीच्या आहेत. लष्करी छापाच्या, ज्यांच्या प्रायमरच्या खळग्याची कड क्रिंप करून, म्हणजे दाबून आवळलेली असते, त्या मी आधीच वेचून बाजूला काढल्या आहेत. डाय कार्बाइडचे आहेत, म्हणजे वंगण लागत नाही, तरीही तुमच्या माणसाच्या समाधानासाठी पुंगळ्यांना वंगण लावून पाहिलं. मधला बोल्ट घट्ट केला तर प्लेट फिरत नाही, सैल केला तर ती डुगडुगते आणि प्रायमर वर राहतो. डायल गेज लावून मोजलं तेव्हा प्लेटची कड पाव मिलिमीटर वर-खाली होत होती. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत बसला पाहिजे, हे तुमच्याच माहितीपुस्तकाच्या पान १४ वर ठळक अक्षरांत आहे. ते पान लिहिणाऱ्याची आणि ही प्लेट बनवणाऱ्याची एकदा भेट घडवून आणा.

मला हे कसं कळतं, असं तुमच्या आधीच्या प्रतिनिधीने विचारलं होतं. मी टेक्ससला येण्याआधी भोसरीत एका टूलरूममध्ये प्रोग्रेसिव्ह टूलवर सात वर्षं काढली आहेत. तिथेही पत्र्याची पट्टी एका स्टेशनवरून पुढच्या स्टेशनवर सरकते. पण पंच खाली यायच्या आधी पायलट नावाचा टोकदार खुंटा भोकात शिरतो आणि पट्टी जागेवर आणतो, मगच घाव पडतो. पट्टी चुकली तर पायलट ती सुधारतो. तुमच्या प्रेसमध्ये पायलटचं हे काम स्प्रिंगवरच्या एका छर्ऱ्याला आणि प्लॅस्टिकच्या रॅचेटला, म्हणजे प्लेट फिरवणाऱ्या दातेरी चक्राला, दिलंय. ८०० फेऱ्यांनंतर मी ते रॅचेट काढून भिंगाखाली धरलं. तीन दातांच्या कडा गोल झाल्यात आणि चौथा शाळेतल्या पोराने चघळलेल्या पेन्सिलीच्या टोकासारखा दिसतो. त्याचा फोटो चौथ्या ईमेलला जोडला होता. उत्तर आलं: 'फोटोबद्दल धन्यवाद. प्रायमरचा ट्रे आपल्याला मिळाला का?'

मिळाला. तीन वेळा मिळाला.

वडील खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत होते. तो कारखाना १८६९ सालचा आहे, म्हणजे तुमच्या खोक्यावर छापलेली 'अनेक पिढ्यांची परंपरा' जरा पुन्हा तपासून घ्या. आमच्या घरी सकाळ त्या भोंग्याने व्हायची. या हौसेबद्दल त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ गप्प होते, आणि मग त्यांनी एवढंच विचारलं, "दारूजवळ प्लॅस्टिक कशाला?" त्यांच्या मनात बहुधा स्थिर विजेचा विचार होता, माझ्या मनात रॅचेटचा. पण प्रश्न चांगला आहे, तुमच्या डिझाइन विभागाला पाठवून द्या.

आता कालचा फोन.

गिटार संपल्यावर एक तरुण आवाज आला. मी ऑर्डर क्रमांक, मशीनचा क्रमांक आणि तक्रार सांगितली, सातव्यांदा, म्हणजे शब्द अगदी घासून गुळगुळीत झालेत.

तो म्हणाला, "सर, हँडल हळू ओढून बघा."

मी म्हणालो, "हळू ओढलं की प्लेट अलीकडे थांबते. जोरात ओढलं की दारू उडते. कुठल्या वेगाने ओढू?"

"मध्यम."

"मध्यम म्हणजे?"

"हात बसावा लागतो, सर. हे बजेट मशीन आहे."

बजेट मशीन आहे हे मला माहीत आहे, पैसे मी दिलेत. स्वस्त म्हणजे हळू, स्वस्त म्हणजे कमी देखणं, स्वस्त म्हणजे पुंगळ्या हाताने ठेवायच्या, हे सगळं मान्य. पण स्वस्त चारचाकी घेतली म्हणून तिने सिग्नलला मनाला येईल तिथे थांबावं असं होत नाही. हे मी त्याला म्हणालो. तो काही क्षण गप्प राहिला. मी पुन्हा म्हणालो की प्लेट कधी आधी थांबते, कधी पुढे जाते, म्हणजे ओव्हर-इंडेक्स होते. आणि मग त्याने अगदी आदराने, 'सर' लावून, विचारलं, "सर, तुमचा उच्चार मला नीट कळत नाहीये. घरात इंग्रजी बोलणारं कुणी आहे का?"

मी या देशात १९ वर्षं आहे. इथे ज्युरीत बसून एका माणसाच्या डोक्यावर काय येणार हे इंग्रजीत ठरवून आलोय, तेव्हा न्यायाधीशांना माझा उच्चार चालला होता. पण तुमच्या माणसापुढे मी गप्प बसलो, याचंच मला जास्त वाईट वाटतंय. फोन स्पीकरवर होता. गॅरेजच्या पायरीवर मुलगी वाटीत पोहे घेऊन बसली होती, चौदा वर्षांची आहे, इथेच जन्मलेली. ती उठली, वाटी बेंचवर ठेवली आणि माझंच वाक्य, माझ्याच शब्दांत, एक शब्द इकडचा तिकडे न करता, टेक्ससच्या लांबट सुरात म्हणाली.

"ओह!" तुमचा माणूस म्हणाला. "इंडेक्सिंग! हे आधी सांगायला हवं होतं."

मग त्याने तिला सांगितलं, "वडिलांना म्हणावं, हँडल मध्यम वेगाने ओढा. आणि मी एक प्रायमरचा ट्रे पाठवतोय."

म्हणजे अडचण भाषेची नव्हतीच. इंडेक्सिंग हा शब्द कळूनही तुमच्याकडे उत्तर एकच आहे आणि ते ट्रेच्या आकाराचं आहे. मुलगी हसली नाही. "बाबा, तू बरोबरच बोलत होतास," एवढंच म्हणाली आणि पोहे घेऊन आत गेली. त्यानंतर मी गॅरेजचं दार लावून तासभर काही न करता बसलो होतो. हे तुमच्या 'ग्राहक समाधान सर्वेक्षणा'त कुठल्या रकान्यात भरायचं ते कळवा. सर्वेक्षण कालच्या फोननंतर चार मिनिटांत आलं.

हे सगळं हौसेच्या कुरकुरीचं आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर गेल्या महिन्यातल्या नेमबाजीच्या सामन्याचं सांगतो. मी १४७ ग्रेन वजनाची बुलेट वापरतो. सेकंदाला ९०० फूट वेग मिळाला तर पॉवर फॅक्टर (वजन गुणिले वेग, भागिले हजार) १३२ येतो, सामन्यातल्या मायनर या गटाला किमान १२५ लागतो, म्हणजे बरी जागा राहते. तुमच्या मशीनवर दारू उडालेली काडतुसं क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, ८३० दाखवतात. गुणाकार तुम्ही करा. १२२ येतं. पण तेवढ्यावर भागलं असतं तर मी सुटलो म्हणालो असतो. दुसऱ्या स्टेजला पाचवा बार 'ठो' असा न होता 'पुक्' असा झाला. रेंज ऑफिसर ओरडला नसता तर मी सवयीने स्लाइड ओढून पुढची गोळी झाडली असती. बुलेट नळीत अडकली होती. तिच्यामागून दुसरी गेली असती तर नळी फुटते, बोटांची गोष्ट त्यानंतरची. प्लेट अडकली तेव्हा मी ती हाताने पुढे ढकलली होती आणि एक पुंगळी दारूविना पुढे गेली. ही माझी चूक, मी ती झाकत नाही. पण दर दहाव्या फेऱ्याला प्लेट हाताने ढकलावी लागते, ही चूक कुणाची? आता मी प्रत्येक पुंगळीत दिवा टाकून डोकावतो आणि मगच बुलेट ठेवतो. दारूची पातळी तपासणारा डाय बसवायला तुमच्या चार स्टेशनांत जागाच नाही.

हमीबद्दल. पाचव्या पत्राच्या उत्तरात तुम्ही लिहिलंत की सीटिंगचा, म्हणजे पुंगळीत बुलेट बसवायचा, डाय दुसऱ्या कंपनीचा आहे, म्हणून दोन वर्षांची हमी रद्द. या देशात १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा वॉरंटी कायदा आहे. दुसऱ्याचा सुटा भाग लावला एवढ्याच कारणावरून हमी नाकारता येत नाही, त्या भागानेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवून द्यावं लागतं. सीटिंगचा डाय तिसऱ्या स्टेशनवर वर शांतपणे बसलेला असतो, खालच्या रॅचेटचे दात त्याने कसे खाल्ले हे मला खरोखर जाणून घ्यायचंय. शिवाय टेक्ससचा फसव्या व्यापाराविरुद्धचा कायदा आहे, १९७३ चा. त्याखाली दावा लावायच्या आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे पत्र म्हणजे ती नोटीस नव्हे. ती इंग्रजीत, वकिलाकडून येईल, आणि त्याचा उच्चार तुम्हाला चालेल, तो टेक्ससमधल्याच लबकचा आहे.

खरं सांगायचं तर मला कोर्टात जायचं नाही. २०२०-२१ मध्ये दुकानांतून प्रायमर नाहीसे झाले होते, तेव्हा तुमच्याच कंपनीचा जुना सिंगल स्टेज प्रेस मी एका शेजाऱ्याकडून विकत घेतला होता. ओतीव लोखंडाचा, त्याच्या वयाचा अंदाज नाही, रंग सगळा उडालेला. त्याच्यावर एकदाही काही अडलं नाही. एक हँडल, एक पुंगळी, तासाला जेमतेम ५०, पण प्रत्येक डोळे झाकून झाडावी अशी. त्या प्रेसच्या जिवावर मी हा घेतला. ज्या लोकांनी तो बनवला ते तुमच्याकडे अजून कामाला असतील तर त्यांना फोनवर बसवा.

मला हवंय ते एवढंच: धातूचं रॅचेट आणि सपाट प्लेट. धातूचं रॅचेट बनवत नसाल तर तसं लेखी कळवा, मी पितळात कातून घेतो, पण मग हमी रद्द झाली असं म्हणायचं नाही. दोन्ही जमणार नसेल तर २८९ डॉलर परत करा आणि प्रेस न्यायला गाडी पाठवा, १९ किलोचं खोकं मी माझ्या खर्चाने पाठवणार नाही. तीन ट्रे त्यातच घालून देईन. चौथा आला तर तोही.

फोन करायचा असेल तर साडेतीननंतर करा. तोपर्यंत मुलगी शाळेतून आलेली असते.

तुमचा,
ऑर्डर क्रमांक तुमच्याकडे आहेच