बोरीचा चढ आणि तुझ्या अल्टोचा क्लच

बाय,

अल्टोचा क्लच स्वतःच बदलायचा म्हणतेस तो तुझा मेसेज वाचला, आईलापण वाचून दाखवला. फोनवर सांगितलं असतं पण घरात रेंज मधेच जाते आणि तुला अर्धं कळलं तर तू अर्ध्यावरच कामाला लागशील, म्हणून लिहून काढतोय, जरा शांतपणे वाच.

आधी हे सांगतो की अल्टोचा क्लच घरी बदलता येतो. जे करायचं म्हणतेस ते येडेपणाचं काम नाही, आणि पोरीने कशाला असल्यात हात घालायचा असं ह्या घरात कोणी म्हणणार नाही. पण मडगावात तुझ्या बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, रूममेटला टॉर्च धरायला उभी करून करायचं म्हणत असशील तर माझं उत्तर नाही असंच आहे. का ते पुढे सांगतो.

त्याच्याही आधी क्लचच गेलाय ना ते बघ. बोरीचा पूल संपून फोंड्याकडचा चढ लागला की चौघं बसलेली असताना इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, आणि वर पोचेपर्यंत जळका वास येतो, असं तू लिहिलंस. हे स्लिपचंच लक्षण आहे, म्हणजे क्लचची प्लेट घसरते आणि इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. पण स्लिप प्लेट झिजूनच होते असं नाही ना. तुझ्या गाडीला केबलचा क्लच आहे. केबल जास्त ताणून अ‍ॅडजस्ट केलेली असेल तर पेडल सोडलं तरी रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवतं ते) प्रेशर प्लेटवर, म्हणजे क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या भागावर, थोडं दाबूनच राहतं आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. म्हणून गाडी बंद असताना पेडल हाताने दाबून बघ, सुरुवातीला बोटभर तरी मोकळं, हलकं गेलं पाहिजे. अजिबात मोकळं जात नसेल तर आधी केबलचा नट सैल करून घे आणि मग परत बोरीचा चढ चढून बघ. शंभर रुपयेपण न घालवता सुटणारं दुखणं असेल तर गिअरबॉक्स कशाला उतरवायचा.

केबल बरोबर असेल तर सपाट मोकळ्या जागेत, पुढे माणूस नाही हे बघून, हॅण्डब्रेक घट्ट खेच, तिसरा गिअर टाक, थोडा रेस दे आणि क्लच हळू सोड. इंजिन बंद पडलं तर क्लच अजून धरतोय. तसंच घुमत राहिलं तर प्लेट गेली. पण हे एकदाच कर, पुन्हा पुन्हा करून उरलीसुरली प्लेट जाळू नकोस. आणि एक, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडतात तिथे खालून ऑईल गळतंय का तेपण बघ. क्रँकचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचा, मागचा ऑईल सील गेला की ऑईल प्लेटवर येतं, मग कितीही नवी प्लेट टाकली तरी थोड्या दिवसांत तीच कथा.

आता पार्किंगचं. तू लहान होतीस तेव्हाचे आपल्या टिपरचे, खाणीचा माल जेटीवर नेणाऱ्या ट्रकचे, दिवस तुला थोडे आठवत असतील. पावसाळ्यात खाणी बंद असायच्या तेव्हा उसगावात ज्याच्या त्याच्या दारात ट्रक उघडलेला असायचा, क्लच, ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, सगळं त्या चार महिन्यांत उरकायचं, कारण सीझन सुरू झाला की जेटीवर एक खेप चुकली तरी नुकसान. 2012 ला खाणी बंद पडेपर्यंत हे असंच चाललं. टिपरचा गिअरबॉक्स काढायला चार माणसं आणि खाली खड्डा, पण त्यात एक सोपेपणा होता, प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना जोर नेणारा लांब दांडा) सोडला की गिअरबॉक्स सरळ मागे येतो. तुझ्या गाडीत इंजिन आडवं आहे. गिअरबॉक्स बाजूला सरकवून खाली घ्यावा लागतो आणि त्याच्याआधी पुढची दोन्ही चाकं, बॉल जॉइंट, दोन्ही एक्सल, स्टार्टर, क्लच केबल, गिअरची जोडणी, माउंटिंग, एवढं सगळं सुटं होतं. म्हणजे मधल्या वेळेत गाडी चाकांवर उभी नसते आणि इंजिनचा एक आधार काढलेला असतो, ते खालून लाकडाचा ठोकळा आणि जॅक लावून धरायचं. ह्या अवस्थेत गाडी एक रात्र तरी राहणारच, पहिल्यांदा करणाऱ्या माणसाचं एका दिवसात होत नाही. रात्रभर तुझ्या पार्किंगमध्ये कोणाची पोरं खेळायला येतात, कोण स्कूटर लावताना धक्का देतो, तू कुठे कुठे लक्ष ठेवणार?

आमच्या लायनीतल्या एका क्लिनरचा हात जॅक सरकून चेपला होता. लाल मातीची जमीन, वर पावसाने भिजलेली, जॅकच्या खाली फळीसुद्धा नाही. हात वाचला पण दोन बोटं पुन्हा कधी नीट वळली नाहीत. म्हणून तुला सांगतो, जॅक फक्त उचलायला. उचलून झालं की चेसिसखाली जॅक स्टँड, म्हणजे न सरकणारे लोखंडी आधार, लागले पाहिजेत आणि खाली काँक्रीट पाहिजे. गाडी फक्त जॅकवर असताना तू खाली गेलीस असं मला कळलं तर मला झोप लागणार नाही बाय, खरंच सांगतो.

आपल्या शेडमध्ये काँक्रीट आहे, टिपर गेला तरी ते तसंच आहे, स्टँडपण आहेत. पाऊस आला तरी वर पत्रा आहे. तिथे करू, मिरगाच्या आधी.

कामात मला सगळ्यात जास्त सांभाळायचं वाटतं ते गिअरबॉक्स परत बसवताना. काढायला जोर लागतो, बसवायला धीर लागतो. नवी प्लेट फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक) आणि प्रेशर प्लेटच्या मधे बरोबर मधोमध बसली पाहिजे, त्याच्यासाठी प्लास्टिकचा सेंटरिंगचा दांडा मिळतो, तो आत घालून ठेवायचा आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळायचे, एक इकडचा एक समोरचा, प्रत्येक वेळी थोडा थोडा. एकाच बाजूने आवळत गेलं तर प्रेशर प्लेट वाकते. प्लेटला बाजू असते हे विसरायचं नाही, स्प्रिंगचा फुगीर भाग प्रेशर प्लेटकडे, बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कुठली ते छापलेलंच असतं. मग दांडा काढून गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटच्या दात्यांत सरकवायचा. इथे नाही जात म्हणून लोक काय करतात, गिअरबॉक्स तसाच शाफ्टवर लटकत ठेवून लांब बोल्ट लावतात आणि बोल्टाने ओढून घेतात. तसं केलं की नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो आणि सगळं जोडून चाबी मारल्यावर कळतं की गिअरच पडत नाही. एकाने खालून वजन धरायचं, दुसऱ्याने शाफ्ट थोडा फिरवत सरळ आत न्यायचा, आणि इंजिन-गिअरबॉक्सची दोन्ही तोंडं हाताने जुळल्याशिवाय एकही बोल्ट आवळायचा नाही. हे एकट्याचं काम नाही ते म्हणूनच. खालून मी धरतो, वरून तू सांग, किंवा उलट, पण माझे गुडघे आता तेवढे राहिले नाहीत म्हणून शेजारच्या मेस्तालापण बोलावून ठेवतो, तो येतो म्हणालाय.

आत बघशील तेव्हा काळी पूड सगळीकडे असेल. ती फुंकायची नाही, हवेचा पाईपपण मारायचा नाही, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि आताची पूडपण छातीत जायच्या लायकीची नाही. मास्क लाव, ओल्या फडक्याने पूस. फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने पूस, रॉकेलने नको, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या तर तिथेच थांबायचं, फोंड्याला लेथवाल्याला दाखवायचं, तसाच नवा क्लच बसवायचा नाही. शाफ्टच्या दात्यांवर ग्रीस अगदी बोटाला लागेल तेवढंच, जास्त झालं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं.

सामान घेताना फक्त प्लेट घेऊ नकोस. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट घे, कंपनीचा ओरिजिनल किंवा वॅलिओ, लूक अशा ओळखीच्या मेकचा, पक्कं बिल घेऊन. क्रँकचा मागचा सील आणि दोन्ही एक्सलचे सील पण घे, गिअरबॉक्स एकदा उतरलाय तर ह्या छोट्या वस्तू तेव्हाच बदलायच्या, पुन्हा एवढी उघडाउघड कोण करणार. गिअर ऑईल काढावंच लागतं तर नवंच भरू.

पैशाचं तू लिहिलंस की गॅरेजवाला सामानासकट साडेसहा हजार मागतो. मला तो भाव जास्त वाटत नाही. सामान तर आपल्यालापण घ्यायचंच आहे, वाचणार ती मजुरी, आणि तुझे दोन दिवस त्यात जाणार. फक्त पैसे वाचवायला करत असशील तर गॅरेजमध्ये दे, जुनी प्लेट मागून घे आणि मोकळी हो, त्यात कमीपणा काही नाही. पण तुझ्या मेसेजवरून मला वाटलं की तुला ते उघडून बघायचंय. तसं असेल तर मला खूप आवडेल. टिपर विकल्यापासून शेडमध्ये असं काम झालंच नाही आणि तुझ्याबरोबर करायला मिळतंय म्हटल्यावर मी तर आजच पाने काढून रॉकेलात घातले.

तर असं कर. आधी केबल आणि तिसऱ्या गिअरची टेस्ट, काय झालं ते कळव. प्लेटच गेली असेल तर तोपर्यंत गाडी फार चालवू नकोस, वेर्ण्याला कंपनीच्या बसने जा नाहीतर सरकारी कदंब बसने. शुक्रवारी संध्याकाळी एकटीच ये, गाडीत वजन नको, बोरीच्या चढाला आधीच दुसरा गिअर टाकून हळू चढ, हाफ क्लचवर धरून ठेवायचं नाही, वास आला की बाजूला थांबवून थंड होऊ दे. खूपच घसरायला लागली तर खालीच थांब आणि फोन कर, मी टोईंगचा बंदोबस्त करतो. शनिवारी सकाळी सुरू केलं की रविवारी दुपारपर्यंत होईल, नाही झालं तर सोमवारी पहाटे मी तुला फोंड्याला बसवर सोडतो आणि उरलेलं मी आणि मेस्त बघतो. नंतर पहिले पाचेकशे किलोमीटर जरा जपून चालवायची, प्लेट बसायला वेळ लागतो.

गाडीच्या आरसीचा फोटो पाठव, म्हणजे सील कुठल्या मॉडेलचे ते दुकानात विचारून ठेवतो. आणि येताना जुने कपडे आण, आईने आत्ताच बजावलंय की गिअर ऑईलचे डाग ती धुणार नाही.

बाबा